भाच्यासाठी व्यायामाचा गेम करतोय, पण गेमला भाचाच दिसत नाही

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता अडलोय म्हणून धागा काढतोय.

भाचा अकरा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. घरातल्या घरात वॉकर धरून चालतो, बाकी वेळ व्हीलचेअर. डावा हात चांगला चालतो. उजवा हळूहळू उघडतो, आणि घाई केली की आणखी घट्ट मिटतो. डोकं मात्र तिखट. रोजचे व्यायाम ठरलेले आहेत आणि त्यांचा त्याला मनस्वी कंटाळा आहे. "दहा वेळा हात वर" म्हटलं की सातव्यालाच दहा मोजून मोकळा होतो.

मी पोटासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. गेम कधी केला नव्हता. तरी चार रविवार घालून एक केला. वेबकॅम खेळाडूकडे बघतो, वरून फुगे येतात, हाताने फोडायचे. माझ्यावर झकास चालला. भाच्यासमोर लावला तर कॅमेऱ्याने व्हीलचेअरच्या चाकालाच गुडघा मानलं, पडद्यावरची काड्यांची बाहुली अंगात आल्यासारखी नाचायला लागली, आणि मग मोठ्या अक्षरांत आलं : "खेळाडू सापडला नाही. कृपया सरळ उभे राहा."

हे वाक्य मीच लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, त्याला सांग, प्रयत्न चालू आहेत."

तो हसला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

विचारायचं असं की कॅमेऱ्याचा नाद सोडून बटणं वगैरे लावू का? 'सोपी पातळी' ठेवली तर भागेल का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याची जुळी बहीण. तिच्याशी खेळायचंच असतं त्याला. ती मनापासून खेळली तर दोन मिनिटांत संपतं, आणि मुद्दाम हरली तर त्याच्या लगेच लक्षात येतं. मग भांडण.

टणाटण

पहिला! जागा धरून ठेवतोय. वाचतो मग सावकाश.

कोडगा

पहिलं काम : ते वाक्य उडवा. आजच.

आता तांत्रिक. कॅमेऱ्यातून माणूस ओळखणाऱ्या तयार कोडच्या लायब्रऱ्या शरीरावरचे ठरावीक बिंदू शोधतात. पाय दिसो न दिसो, त्या पायाचे बिंदू देतातच, अंदाजाने. पण बहुतेक वेळा प्रत्येक बिंदूसोबत 'किती खात्री आहे' याचा आकडाही येतो. आपण पोरं घाईत तो आकडा वाचतच नाही. कंबरेखालचे सगळे बिंदू फेकून द्या. खांदे, कोपरं, मनगटं, डोकं एवढ्यावर फुग्यांचा गेम आरामात चालतो.

ही काही नवी अडचण नाही. किनेक्ट हा मायक्रोसॉफ्टचा हालचाली टिपणारा कॅमेरा २०१० साली आला तेव्हा तो उभ्या माणसाचे २० सांधे शोधायचा. २०१२ मध्ये त्याच्या विकासकांसाठीच्या संचात बसलेल्या माणसासाठी वेगळी सोय आली, फक्त वरच्या अंगाचे १० सांधे.

दुसरं, सुरुवातीला अर्धा मिनिट 'हात फिरव, मजा कर' असा टप्पा ठेवा. त्यात प्रत्येक हात कुठवर पोचतो त्याचा नकाशा बनतो. फुगे त्या नकाशाच्या आत टाका, अधूनमधून एखादा वितभर बाहेर. स्वतःच्या हाताच्या लांबीवर त्याचे फुगे टाकलेत, तिथेच चूक झाली.

अर्धविराम

@कोडगा, उडवलं. आणि हो, तो खात्रीचा आकडा मी खरंच वाचत नव्हतो. चाकाच्या 'गुडघ्या'ची खात्री तपासली, फारच कमी निघाली. म्हणजे यंत्र बिचारं सांगत होतं, मीच ऐकत नव्हतो.

दोनचाकी

मी व्हीलचेअर वापरते, मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाल्यापासून. व्यायामाचे बरेच गेम खेळून आणि सोडून झालेत, म्हणून जरा लांब लिहिते.

'सोपी पातळी' या शब्दाशीच माझं वाकडं आहे. मला सोपं नको असतं, घाम निघेल असं हवं असतं. (घाम निघत नाही ही गोष्ट वेगळी, इजेच्या खाली मला घामच येत नाही. म्हणून खेळताना पंखा आणि ओला रुमाल लागतो. कुठल्याही गेमने आजवर मला 'पंखा लावलास का' विचारलेलं नाही.) सोपी पातळी म्हणजे बहुतेक ठिकाणी काय, तर तोच उभ्या माणसाचा गेम, फक्त संथ. मी संथ नाही. मी बसलेली आहे.

मग खांदे. दिवसभर चाकं ढकलून छातीकडचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू आधीच राबलेले असतात. आणि बसून खेळायचा गेम म्हटलं की डिझाइनरला काय सुचतं? बॉक्सिंग! वीस मिनिटं पुढे ठोसे. दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो, आणि माझा खांदा गेला तर माझे पायच गेले म्हणा. मला उलट हालचाल हवी. वल्हवल्यासारखं ओढणं, कोपरं मागे नेणं, खांद्याची पाती जवळ आणणं. दोरी ओढायचा गेम करा, होडी वल्हवायचा करा, पतंगाचा मांजा ओढायचा करा.

आणि नाडी. पाठीच्या वरच्या भागात, साधारण सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर हृदयाला जोरात धावायचा निरोप नीट पोचत नाही. मी जीव तोडून हात चालवले तरी माझी नाडी १२०च्या आसपास अडकते. एका गेमने मला सलग महिनाभर सुनावलं होतं, 'तुम्ही पुरेशी मेहनत घेत नाही आहात'. मेहनत नाडीवर मोजू नका. माणसालाच विचारा. बोर्गची ६ ते २० ची मोजपट्टी वर्षानुवर्षं आहे, 'आत्ता किती जड जातंय' त्याचा आकडा खेळाडूने सांगायचा. आणि हो, अशी इजा असलेल्याला खेळताना अचानक डोकं ठणकायला लागलं तर गेम बंद, ताबडतोब. रक्तदाब भडकल्याची ती खूण असू शकते. 'शेवटची फेरी, सोडू नका!' असली आरोळी तेव्हा जिवावर बेतेल.

बॅकबेंचर

>> मी संथ नाही. मी बसलेली आहे.

दंडवत __/\__

टणाटण

दोनचाकीताई, घड्याळं तरी सुधारली का? तीसुद्धा पावलंच मोजतात ना?

दोनचाकी

काही सुधारली. ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून व्हीलचेअरची सोय आहे, पावलांऐवजी चाकाला दिलेले ढकल मोजते. 'उठून उभे राहा' ऐवजी 'जरा फेरी मारा' म्हणते. एवढंसं वाक्य, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

तिरपागडा

नेहमीप्रमाणे प्रवाहाविरुद्ध. मुलाला बाहेर न्या, मोकळ्या हवेत, चार मुलांत. आधीच सगळी पिढी पडद्याला चिकटलीय, त्यात व्यायामसुद्धा पडद्यासमोर? गेम कंपन्यांची सोय झाली, मुलाची नाही.

दोनचाकी

@तिरपागडा, 'बाहेर' या शब्दात किती पायऱ्या असतात, मोजून बघा एकदा. बाहेर जायला मला रॅम्प लागतो, सोबत लागते, शौचालय लागतं. घरात मला फक्त मूड लागतो. दोन्ही हवं. एकाचं नाव काढून दुसरं बंद करू नका.

उजवा_डावा

वय वर्षं ६३. पक्षाघातानंतर डावी बाजू अधू. माझा अनुभव गमतीचा आहे आणि थोडा लाजेचा.

उपचारात मला हातात धरायच्या रिमोटवर टेनिस खेळायला दिलं होतं. अपेक्षा अशी की खांद्यापासून हात फिरवावा. चौथ्या दिवशी मला शोध लागला की सोफ्यावर रेलून नुसतं मनगट झटकलं तरी चेंडू तितकाच जोरात जातो! रिमोटला बिचाऱ्याला झटका कळतो, तो खांद्यातून आला की मनगटातून, हे त्याला कुठलं कळायला. मी धडाधड जिंकायला लागलो. घरचे खूश, आलेख वर. खांदा होता तिथेच.

तर धागाकर्त्यांना सांगणं, माणूस गेम जिंकायला खेळतो, बरा व्हायला नाही. चोरवाट असेल तर तो शोधणारच.

सांधेवाली

@उजवा_डावा काका, लाजू नका, सगळेच करतात. मी फिजिओ आहे आणि माझ्या समोर बसून करतात. :-)

उलटंही होतं बरं का. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं होतं. २९ वर्षांचा धडधाकट तरुण डॉक्टर, कित्येक तास निन्टेंडोच्या 'वी' या कन्सोलवर रिमोटचं टेनिस खेळला आणि खांद्याच्या मागचा स्नायू धरून बसला. निदानाला त्यांनी 'वीआयटिस' असं नाव दिलं होतं. म्हणजे झटकलं तर उपयोग नाही आणि मनापासून खेळलं तर आमच्याकडे यायचं.

आता भाच्याबद्दल. समोर बघितल्याशिवाय व्यायाम सांगणार नाही, त्याच्या फिजिओला हा गेम दाखवाच. डिझाइनपुरतं बोलते.

एक तर चोरवाट. त्याचा डावा हात उजव्याचं कामही पळवणार. आणि उजव्याने करायला लावलंत तर हात न उचलता सगळं धड वाकवून पोचणार. खांद्यांची रेघ तिरकी झाली की फुगा फुटू देऊ नका. पण 'चूक!' म्हणून भोंगा वाजवू नका, नुसता फुगा जरा लांब सरकू दे. भोंग्याचं दुसरं कारण : अशा बऱ्याच मुलांना अचानक आवाजाने दचकायला होतं आणि अंग आणखी ताठतं. उत्तेजना वाढली की स्नायू घट्ट होतात. तुमच्या गेममध्ये शेवटची दहा सेकंदं टिकटिक वाढत जाते का? तो उजवा हात नेमका तेव्हाच मिटत असणार.

कॅनडातल्या संशोधकांनी पाल्सी असलेल्या मुलांना सोबत घेऊन 'लिबेरी' नावाचा गेमांचा संच केला होता, २०१३ साली त्यावर शोधनिबंध आला. मुलं रेलून बसायच्या सायकलवर पॅडल मारतात आणि हातात साधा कंट्रोलर. त्यातलं मला पटलेलं असं : नेम धरायची अचूकता मागू नका, ती गेमने सांभाळावी. एका वेळी थोड्याच कृती ठेवा. आणि चुकीची शिक्षा लहान ठेवा. कारण त्या मुलांनाही झटापटीचे, वेगाचे गेमच हवे होते. आपण त्यांना 'शांतपणे फुलं वेचा' असले गेम देतो आणि वर म्हणतो, मूल रमत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, प्रत्येक फुग्यात व्यायाम कोंबू नका. मुलाला वास येतो.

शून्य_गुण

मुलाला वास येतो +१०००. माझ्या लहानपणी शुद्धलेखनाच्या 'मजेदार' वह्या असायच्या.

कानसेन

धागा चाकांभोवती फिरतोय (श्लेष अभिप्रेत), म्हणून आमचाही एक आवाज. मी पूर्ण अंध आहे. स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. बॅकबेंचरचा तो दंडवत 'अंडरस्कोर अंडरस्कोर स्लॅश' असा ऐकू येतो, तरी भावना पोचल्या.

व्यायामाच्या व्हिडिओंतला आमचा शत्रू म्हणजे 'असं'. "हात असा घ्या, पाय इकडे, आता बघा मी कशी करते." कशी?! आय्ज-फ्री योगा म्हणून एक प्रयोग २०१३ मध्ये झाला होता. किनेक्ट शरीराची ठेवण तपासायचा आणि काय दुरुस्त करायचं ते बोलून सांगायचा. तोल ज्यावर उभा आहे ते आधी, बारीकसारीक नंतर. यातलं शहाणपण असं की एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची. पाच सूचना एकदम आल्या की माणूस पाचही विसरतो आणि पडतो.

त्याच्याही आधी, २०१० मध्ये, नेवाडा विद्यापीठातल्या मंडळींनी अंध खेळाडूंसाठी टेनिस आणि बोलिंग केलं होतं, त्याच वीच्या रिमोटवर. टेनिसमध्ये चेंडू आल्याचं आवाजावरून आणि रिमोटच्या थरथरीवरून कळायचं. बोलिंगमध्ये हात हवेत फिरवून पिना कुठे आहेत ते शोधायचं, नेमक्या दिशेला आला की रिमोट थरथरणार. पडदा बंद ठेवला तरी चालेल. किंबहुना बंदच बरा, डोळस मित्राला फुकटचा फायदा नको.

पडद्याविना खेळ ही कल्पना जुनीच आहे. गोलबॉल १९४६ चा, महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी केलेला. चेंडूत घुंगरं, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि प्रेक्षकांना तंबी : गप्प बसा. तो 'अंधांसाठी सोपा केलेला' फुटबॉल नाही. तो गोलबॉल आहे. व्यायामाचा गेम करणाऱ्यांनी एकदा तरी गोलबॉल बघावा. म्हणजे, ऐकावा.

टणाटण

"डोळस मित्राला फुकटचा फायदा नको" :-D :-D

तिरपागडा

माझा मुद्दा राहिलाच, पण कानसेन यांचा प्रतिसाद वाचून पडदाच नसलेला गेम असेल तर माझी हरकत मागे.

सावलीत

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. अंग तापलं की माझी लक्षणं वाढतात, नजर धूसर होते, पाय जड होतात. गार झाल्यावर ओसरतात. त्यामुळे मला सलग वीस मिनिटं नको, चार-चार मिनिटांचे तुकडे हवेत आणि मधे बसता आलं पाहिजे. किती गेम तसं करू देतात? बहुतेकांत 'थांबवा' दाबलं की फेरी बाद.

आणि ते 'सलग दिवस' मोजणं! ४१ दिवस सलग खेळले होते. मग आजार उसळला, तीन आठवडे अंथरुणात. परत आले तर शून्य, आणि रडका चेहरा. काढून टाकलं ते ॲप त्याच क्षणी. विसरभोळ्या माणसासाठी केलेली युक्ती आजारी माणसाला शिक्षा होते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्यांदाच अपंग व्यक्तींसाठी वेगळा विभाग आला. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं, ज्यांना जमतं त्यांनी. पण त्याच कागदात असंही आहे की थोडं केलेलं काहीच न केल्यापेक्षा चांगलं, हळूहळू वाढवा. गेमवाले १५० तेवढं उचलतात.

संपादक

शून्य_गुण आणि बॅकबेंचर, 'कुठला कन्सोल श्रेष्ठ' हे भांडण वेगळ्या धाग्यात हलवलं आहे. तिकडे जाऊन एकमेकांची डोकी फोडावीत. फुगे इथे.

बॅकबेंचर

आज्ञा शिरोधार्य. रच्याकने, बटणांचा प्रश्न राहिला की. एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून मिळतो. वर दोन मोठी गोल बटणं आणि मागे १९ खोबणी, त्यात पायाचं पेडल, कोपराने दाबायचं बटण, फुंकर मारायची नळी, हवं ते लावा. पण त्याने गेम *खेळता* येतो, व्यायाम होईलच असं नाही. बटण मुद्दाम लांब ठेवलं तर होईल.

त्यापेक्षा घरगुती : पायांनी नाचायची जी चटई येते ना, डान्स डान्स रेव्होल्यूशन या नाचाच्या गेमसारखी, ती टेबलावर पसरायची आणि हातांनी थापट्या मारायच्या. कॅमेरा नको, गुडघा नको, प्रकाशाची भानगड नको.

कोडगा

चटईची कल्पना जबरी. एक भर : काहीही लखलखवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमग नको, हा वेबचाही नियम आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलं इस्पितळात गेली होती. पाल्सीसोबत अपस्मार असणं विरळा नाही, भाच्याच्या आईला विचारून घ्या.

आता बहिणीचा प्रश्न. यावर चक्क संशोधन आहे, २०१४ चं, नाचाच्या गेमवर. जोडीतल्या दुबळ्या खेळाडूला उघडपणे झुकतं माप दिलं, म्हणजे पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं, तर त्याचा आत्मसन्मान आणि दोघांमधली जवळीक कमी झाली. तेच झुकतं माप लपवून दिलं तर आत्मसन्मान वाढला, गुणांतलं अंतरही कमी झालं. पुढे एक खेळाडू व्हीलचेअरवर असलेल्या जोड्यांवरही त्यांनी ते वापरून बघितलं. तेव्हा : मापं बदला, बोलू नका.

दोनचाकी

मला हे पटत नाही. संशोधन खोटं म्हणत नाही, पण लपवलेलं म्हणजे फसवलेलं. एक ना एक दिवस त्याला कळणार की तो जिंकलेले सगळे डाव मामाने लिहून दिलेले होते. मग मागचे सगळे विजय एका रात्रीत नासतील. पोरगा तिखट आहे, बहीण मुद्दाम हरली ते कळतं त्याला.

कोडगा

ताई, सगळेच गेम लपवतात. शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्याला गुपचूप वेग मिळतो, कोट्यवधी लोक खेळतात, कुणाचं नासत नाही.

दोनचाकी

ज्यांना आयुष्यात इतरत्र कुणी झुकतं माप देत नाही त्यांचं नासत नाही. आम्हाला जिथे तिथे मिळतं, नको तिथे. फरक आहे.

जुळ्यातला_दुसरा

मी त्या भाचीच्या जागेवरचा. माझ्या जुळ्या भावाला स्नायूंचा आजार होता. लहानपणी आम्हाला कुणी गेम करून दिला नाही, आम्हीच नियम करायचो. त्याच्या खोलीतल्या क्रिकेटमध्ये मी खुर्चीवर बसूनच गोलंदाजी करायची, उजव्या हाताने नाही. हे त्याला दिलेलं झुकतं माप नव्हतं, तो त्या खोलीचा नियमच होता. दादा माझ्यापेक्षा चार मिनिटांनी मोठा, नियम तोच करायचा. आणि मी सहा-सात वर्षं जीव तोडून हरलो. मुद्दाम नाही, खरंच. डाव्या हाताने कुणाला टप्पा पडतो?

आई-बाबांनी 'त्याला जिंकू दे' म्हटलं की मात्र आम्ही दोघंही चिडायचो.

तुमच्या भाचीला एकदा विचारा. सगळे भाच्याला विचारा म्हणतायत, बरोबरच आहे. पण जिंकलं की अपराधी वाटणारं मूल ती आहे.

सांधेवाली

@जुळ्यातला_दुसरा, हे फार नेमकं लिहिलंत. आणि कोडगा व दोनचाकी, तुमच्या भांडणाचं उत्तर कोडगाच्याच पहिल्या प्रतिसादात आहे की! तो हातांचा नकाशा *दोघांचाही* काढायचा. तिचे फुगे तिच्या मापाने, तिच्या टोकाला, त्याचे त्याच्या टोकाला. नियम एकच आणि तो उघड : ज्याचा त्याचा फुगा ज्याच्या त्याच्या हाताच्या जरासा पलीकडे. शिंप्याने दोघांना एकाच मापाचा सदरा शिवला नाही म्हणून कुणी त्याला पक्षपाती म्हणत नाही.

दोनचाकी

हे चालेल. यात लपवायला काही नाही.

कोडगा

मलाही चालेल. (आणि मूळ कल्पना माझी होती याची नोंद घ्यावी.)

उजवा_डावा

एक शंका. नकाशा काढताना पोरगा मुद्दाम हात आखडता घेईल, म्हणजे पुढे फुगे जवळ येतील. मी तरी हेच केलं असतं.

कोडगा

काका, तुम्हाला गेमची चाचणी करायची नोकरी लागेल. नकाशा दर फेरीत आपोआप वाढवायचा. जितका हात प्रत्यक्षात पोचला तितकं माप. खेळताना लबाडी विसरायला होतं.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. सगळं दोनदा वाचलं, बहिणीलाही वाचायला दिलं.

काय काय केलं ते सांगतो. टिकटिक काढली, भोंगा काढला, झगमग काढली. कंबरेखालचे बिंदू फेकले. थांबलं तरी फेरी बाद होत नाही. दोघांचे नकाशे वेगळे, पडद्यावर दोन रंगांत दिसतात, लपवलेलं काही नाही. फुग्यांच्या जोडीला दोरी ओढायची पातळी टाकली आणि ती दोघांनाही फुग्यांपेक्षा जास्त आवडली. फिजिओबाईंना दाखवलं. त्यांनी आठवड्यातून चार दिवस, पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या, असं सांगितलंय.

भाच्याला समोर बसवून विचारलं काय बदलू. मला वाटलं रंग सांगेल. म्हणाला, "मामा, यात हरता येत नाही." मी चुकीची शिक्षा लहान करता करता काढूनच टाकली होती. फुगा सुटला तरी काहीच होत नव्हतं. "हरता येत नाही तर मी जिंकतोय हे कळणार कसं?" झालं, तीन फुगे सुटले की डाव संपतो असं केलं. पहिल्या दिवशी तो सलग नऊ वेळा हरला आणि उठायला तयार नव्हता. (म्हणजे बसलेलाच होता. त्याचाच विनोद.)

भाचीला विचारलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला खरं खेळायचंय." आता खरं खेळते. जिंकण्या-हरण्याचा हिशेब ठेवलेला नाही, पण आरडाओरडा दोन्हीकडून येतो.

एक भानगड मात्र राहिलीय. तो हसत हसत मांडीवर पूर्ण वाकला की कॅमेऱ्यातून नाहीसा होतो आणि गेम तिथल्या तिथे थांबतो. मी दुरुस्त करायला बसलो तर त्याने हात धरला. तीन फुगे सुटायच्या बेतात आले की तो मुद्दाम वाकतो, गेमला तो सापडत नाही, फुगे हवेत लटकतात. मग दम खाऊन वर येतो. त्याने त्याला 'गायब' असं नाव दिलंय. भाची म्हणते ही चीटिंग आहे. तो म्हणतो, तूपण वाक की. घरात यावर मतदान झालं, दोन विरुद्ध दोन. माझं मत राखून ठेवलंय. काय करू?

टणाटण

ठेवा! ठेवा! ठेवा!

कानसेन

ठेवा, आणि गायब झाल्याचा एक खास आवाज द्या. बहिणीला न बघता कळलं पाहिजे.

कोडगा

दुरुस्त करू नका, मर्यादा घाला. एका डावात तीन वेळा. दोघांनाही. मग ती चीटिंग राहत नाही.

सांधेवाली

थांबा जरा. मांडीपर्यंत वाकतो आणि हातांचा आधार न घेता परत सरळ होतो? एका डावात कितीदा? धडाचा यापेक्षा चांगला व्यायाम मी त्याला सांगितला असता तर त्याने सातव्याला दहा मोजले असते. त्याच्या फिजिओंना हे आधी कळवा, हरकत नसेल तर तीनची मर्यादा नको, आठ-दहा ठेवा. आणि गेमला मोजू दे किती वेळा वाकला ते. फक्त हा व्यायाम आहे हे त्याला सांगू नका.

दोनचाकी

झाली का परत लपवाछपवी सुरू!